पाठीतली सुई

अक्काचं पत्र येऊन दोन महिने होत आले, तरी मामाने त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ते खुणेसाठी ठेवलेलं होतं, आणि शब्दकोश रोज उघडला जात असल्यामुळे रोज समोर येत होतं.

दोघं बहीणभाऊ एकाच शहरात राहत होते, बसने फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावर. तरी पत्र, कारण अक्काची रीतच तशी होती. तोंडावर बोलण्यासारखं ती तोंडावर बोले, आणि ते पुष्कळ असे. जे तोंडावर बोलवत नसे, ते लिही. आई गेली तेव्हा एक पत्र आलं होतं. मेव्हणे शेवटचे अंथरुणाला खिळले तेव्हा एक. त्यानंतर हेच.

मापं लिहायच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं. ठमीला सातवा महिना सरत आला. ती पाठीत सुई टोचून घेऊन बाळंत व्हायचं म्हणते, म्हणजे कळा जाणवत नाहीत म्हणे. मला हे पसंत नाही. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते, तेव्हा तू तिला चार गोष्टी सांग. तू वाचणारा माणूस, तुला माहीत असेल, असं केल्यावर बाईला बाळाचं रडणं ऐकू येतं का. तब्येतीला जप. दुकान ठीक.

मामाने आयुष्यभर छापखान्यात प्रुफं वाचली होती, त्यामुळे पत्रही त्याने तसंच वाचलं, बोट ठेवून, ओळ न ओळ. अक्काला तिच्या लेकीने, ठमीने, सुई घ्यायला नको आहे आणि ते त्याने ठमीला सांगायचं आहे, एवढं त्याला कळलं. मग तो वाचनालयात गेला. कण्याजवळ एक बारीक नळी बसवतात, तिच्यातून औषध थेंबाथेंबाने जातं, कळांची धार बोथट होते, पाय जड पडतात, कधी रक्तदाब उतरतो, कधी एका बाजूला चढतं आणि दुसऱ्या बाजूला नाही, क्वचित मागाहून डोकं दुखतं. जन्मभराची पाठदुखी लागते असं लोक म्हणतात, पण तपासून पाहणाऱ्यांना तसं आढळलेलं नाही. त्याने चार पानं लिहिली आणि फाडली. ज्या मजकुराचं प्रूफही आपल्या हाताखालून कधी गेलं नाही, त्यावर मत काय द्यायचं? त्याचं लग्न झालं नव्हतं. बाळंतपण होतं त्या खोलीत तो कधी गेला असेल तर स्वतः जन्मला तेव्हा.

मग महिना गेला. महिन्यानंतर उत्तर लिहायचं तर आधी उशीर का झाला ते लिहावं लागतं, आणि त्याचाच मसुदा जमेना.

*

दुकान बंद असतं त्या दिवशी अक्काने सगळ्यांना दुकानातच बोलावलं. वर ठमीचं बिऱ्हाड, खाली शिलाईचं दुकान, मागे अक्काची खोली, असा तो सगळा संसार होता. कापड बेतायचं लांब टेबल मोकळं करून त्यावर चहाचे कप मांडले होते. हॉस्पिटलात आत एकाच माणसाला सोडतात, तेव्हा कोण आत जाणार, कोण बाहेर बसणार, हे ठरवायचं होतं. निदान बोलावणं त्यासाठी होतं.

मामा पोचला तेव्हा अक्काची विहीणबाई बोलत होती. जावयाची आई. बसमध्ये कंडक्टरकी करून निवृत्त झालेली, त्यामुळे तिचं साधं बोलणंही शेवटच्या सीटपर्यंत पोचायचं. ती सांगत होती की तिने तीन बाळंतपणं केली, तिन्ही वेळा नवऱ्याचा उद्धार केला, पण त्याबद्दल सरकारने तिला काही पदक दिलं नाही. घेऊ दे की पोरीला सुई. पैसा कशाला कमवायचा मग?

जावई खाली बघत हसत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आई आणि सासू यांच्या मध्ये अडकलं की तो दोन मजल्यांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या लिफ्टसारखा गप्प राहायचा.

अक्का म्हणाली की हे सगळं बोलून झालेलं आहे. ठमीनेच गेल्या तपासणीला नको म्हणून सांगितलंय. आणि हे काही तिचं एकटीचं मत नव्हे.

"मामालाही पटत नाही," ती म्हणाली. "विचारा, आलाय."

मामाने कप बशीत ठेवला. सगळे त्याच्याकडे बघत होते. ठमी बघत नव्हती. ती खुर्चीत पाय पसरून, पोटावर हात ठेवून टेबलाच्या कडेवरची खडूची रेघ नखाने खरवडत होती.

"मी तसं म्हटलेलं नाही," मामा म्हणाला.

"मग काय म्हटलंस?"

"काहीच नाही."

"तेच सांगतेय मी यांना. दोन महिने झाले लिहून. पटत असतं तर लिहिलं असतंस ना, की पटतं म्हणून? गप्प बसलास. तू गप्प बसलास की त्याचा अर्थ काय होतो ते मला काय नवीन आहे?"

हे खरं होतं, आणि तीच पंचाईत होती. लहानपणापासून त्याचं 'नाही' असंच यायचं. फुटबॉल खेळायला चल म्हटलं की गप्प. मुलगी बघायला चल म्हटलं तेव्हाही गप्प. अक्काने चूक केली होती, पण ती चूक ज्याला तिच्याइतका मामा ओळखीचा आहे त्यालाच करता आली असती. त्याला सांगायचं होतं की या खेपेला गप्प बसण्याचा अर्थ नाही असा नव्हता, हो असाही नव्हता, मला माहीत नाही असा होता. पण हे वाक्य तोंडातल्या तोंडात नीट जुळवेपर्यंत विहीणबाईने विषय रिक्षा कुठे मिळेल याच्यावर नेला होता.

ठमीच्या मनात त्या वेळी काय होतं, ते तिने पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. ती चष्म्याची भिंगं घासायच्या कारखान्यात कामाला होती. एखादी गोष्ट स्पष्ट दिसत नसेल तर भिंग बदलायचं, इतका साधा तिचा विचार असे. सुईचं तिने स्वतः डॉक्टरांना विचारलं होतं, तिला ते पटलं होतं. आईचा विरोध तिने धरला नव्हता. आई बिनअस्तराच्या कोटालाही विरोध करायची. पण मामा? त्यालाही पटत नाही, असं आई तिला आधीपासून सांगत होती. वाया गेलेल्या प्रुफांच्या मागच्या बाजूला त्याने तिला अक्षरं शिकवली होती. तो कधी कशाला नको म्हणत नाही, आणि यालाच नको म्हणतोय, तर त्याने काहीतरी वाचलं असेल, आणि ते इतकं वाईट असेल की त्याला सांगवत नाही. म्हणून तिने तपासणीला गेल्यावर नको म्हटलं होतं. आणि त्याला विचारलं नव्हतं, कारण त्याने आपणहून सांगायला हवं होतं.

आत कोण जाणार हे मात्र ठरलं. ठमी म्हणाली, आई. जावयाने मान हलवली. जरा लागलं त्याला, पण तो ते कपाबरोबर धुऊन आला.

*

कळा दुसऱ्याच दिवशी सकाळी सुरू झाल्या. दुपार होईतो सगळे हॉस्पिटलात होते. ठमी आणि अक्का आत, बाकीचे तिघं बाहेरच्या बाकावर. दार अर्धं काचेचं होतं आणि काचेला पांढरा रंग दिलेला होता. रंगाला एक ओरखडा पडला होता, तिथून जावई अधूनमधून डोळा लावून बघायचा आणि काही दिसलं नाही असं येऊन सांगायचा.

ऐकू मात्र सगळं येत होतं. ठमी ओरडत नव्हती. दर कळेला ती एक लांब, खालच्या सुरातला हुंकार देत होती, जड कपाट सरकवताना माणूस देतो तसा. जावयाने एकदा कानात बोटं घातली, मग आई बघतेय असं दिसल्यावर काढली.

आत नर्सने ठमीला सांगितलं की अजून बराच पल्ला आहे. सुई घ्यायची असेल तर आता सांगा, भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आत्ता मोकळ्या आहेत, पुढे एक ऑपरेशन आहे. सांगितलंत तर बोलावते, नाही तर नाही. तुमच्यावर आहे.

ठमीने आईकडे बघितलं. अक्का तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होती.

"नको," ठमी म्हणाली. त्यानंतरच्या कळेला तिने आईचं मनगट धरलं, ते कळ जाईपर्यंत सोडलं नाही.

अक्का पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा मनगटावर नखांच्या चार खुणा होत्या. विहीणबाईने त्या पाहिल्या आणि आवाज, तिच्या मानाने, हळू केला. ती म्हणाली की पोरगी तुमच्या तोंडाकडे बघून नको म्हणतेय, विहीणबाई. एकदा हो म्हणा, तुमचं काय जातंय?

"आम्ही नाही का काढल्या कळा?"

"नेहमी आम्ही कसं म्हणता हो?" विहीणबाई म्हणाली. तिने हे पूर्वीच हेरलं होतं. माणूस तिकिटाचे पैसे काढताना कुठे बघतो यावरून ओळखायची तिला सवय होती. "मी माझ्या सांगितल्या. धाकट्याच्या वेळी डॉक्टरच्या हाताला चावले तेही सांगितलं. तुम्ही तुमच्या सांगा की कधीतरी."

अक्काने ग्लास तोंडाला लावला. त्यात पाणी उरलं नव्हतं, तरी ती पीत राहिली.

मामाला तिचा तो हात दिसला आणि त्याला दुसरंच काही आठवलं. ठमी झाली तेव्हा तो बघायला गेला होता. अक्काला फार उशिरा झालेली ती एकुलती एक मुलगी. अक्का पलंगावर बसून गुंडाळलेल्या पोरीकडे बघत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, माझीच ना ही? मेव्हणे हसत होते. मामाही हसला होता. पहिलटकरणीचं कौतुक, असं त्याला वाटलं होतं.

पत्रातली ती ओळ त्याच्या डोळ्यांपुढे जशीच्या तशी आली. असं केल्यावर बाईला बाळाचं रडणं ऐकू येतं का. तिच्या मागे एक तक्रार, पुढे तब्येतीची चौकशी. चोरटा माल नेतात तशी मध्ये घालून आणलेली. त्याने ती बोट ठेवून वाचली होती, आणि टोमणा समजून पुढे गेला होता.

हिरवे कपडे घातलेली एक ठेंगणी बाई फाइल घेऊन समोरून चालली होती. छातीवरच्या पट्टीवर हुद्दा लिहिला होता, तो मामाने वाचला. परक्या बाईला वाटेत थांबवणं त्याने आजवर टाळलं होतं. तो उठला, तेव्हा गुडघ्यांपेक्षा त्याला तेच जड गेलं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "पाठीत ती सुई दिल्यावर बाईला बाळाचं रडणं ऐकू येतं का?"

बाई थांबल्या. असा प्रश्न कुणी विचारला नसावा, कारण त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"येतं ना. ती पूर्ण जागी असते. झोपेचं औषध नसतंच त्यात. बोलते, पाणी मागते, आमच्यावर चिडतेही. कळ आली हे कळतं, ती चिरत नाही इतकंच. बाळ बाहेर आलं की पहिलं तीच ऐकते. का? झोपवतात असं कुणी सांगितलं?"

मामा बहिणीकडे बघत होता.

अक्का बाकावर बसली. तिने पदराने ग्लास आतून पुसला, जणू तो तिचाच होता.

"मला झोपवलं होतं," ती म्हणाली. "कळा सुरू झाल्या आणि त्यांनी दंडात काहीतरी टोचलं. मला विचारलंसुद्धा नाही. डोळे उघडले तर उजेड दुसऱ्या खिडकीतून येत होता. एका बाईने गाठोडं आणून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, हे तुमचं. मी म्हटलं, कशावरून?"

विहीणबाई बाकावर सरकून तिच्याजवळ आली.

"ती सहा महिन्यांची होऊन यांच्यासारखी भुवई चढवायला लागली, तोवर मी रोज तिला निरखत होते. आम्ही काढल्या म्हणते, ते यासाठी. मी काढल्या की नाही हे मलाच ठाऊक नाही."

"पत्रात तू हेच विचारलं होतंस," मामा म्हणाला.

"मग दुसरं काय विचारलं होतं?"

डॉक्टरीणबाई फाइल छातीशी धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या की तशी पद्धत पूर्वी होती खरी, आता ती बाजूला पडली. आणि हो म्हणायचं तर पेशंटने म्हणायचं, बाहेर बाकावर नाही.

अक्का उठून आत गेली.

*

आई परत आली ती वेगळीच, असं ठमीला वाटलं. म्हणजे तिने विचार असा केला नाही. तिला नुसतं दिसलं की आईने दाराजवळच चपला काढल्या, जशी ती कुणाचं माप घ्यायच्या आधी काढायची.

"ठमे, तुला सुई घ्यायची तर घे," अक्का म्हणाली. "मामाचं काही म्हणणं नाही. त्याने उत्तरच दिलेलं नाही मला. ते मीच ठोकून दिलं."

"दोन महिने?"

"दोन महिने."

एक कळ येऊन गेली. ती ओसरल्यावर ठमी हसली की रडली ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आणि तुझं काय म्हणणं?"

"मला भीती वाटते," अक्का म्हणाली. "पण ती माझी आहे. तुला कशाला देऊ?"

ठमीने नर्सला हाक मारली आणि म्हणाली, "बोलवा त्यांना."

डॉक्टरीणबाईंनी काय करणार ते एकेक करून सांगितलं. पाय खाली सोडून बसायचं, पाठीची कमान करायची, हनुवटी छातीशी. मधे कळ येईल. आली तरी हलायचं नाही, तेवढं एक जमलं पाहिजे. पुष्कळ जणींना तेच जमत नाही.

अक्का समोर उभी राहिली आणि तिने लेकीचं डोकं आपल्या खांद्याशी घेतलं. पाठीवर गार औषध लागलं. मग कळ आली. ठमीच्या अंगभर ती चढत गेली, आणि बरोबर तेव्हाच कानाशी आईचा आवाज आला, मोठा नाही, लहान नाही, कापड बेतायच्या टेबलावर उभं करून फ्रॉकच्या शिवणी धरताना यायचा तोच:

"हलू नकोस. टाचणी टोचेल."

ठमी हलली नाही. तिच्या अंगाला हे तिच्या आधी माहीत होतं. कितीतरी दुपारी ती त्या टेबलावर अशीच उभी राहिली होती, श्वाससुद्धा वरच्यावर, आई तोंडात टाचण्या धरून भोवती फिरत असताना.

"झालं," मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशी बसणारी कधीतरीच भेटते."

सगळं सुरळीत झालं असं नाही. थोड्या वेळाने डावीकडचं दुखणं गेलं आणि उजवीकडचं तसंच राहिलं. अर्ध्या अंगाने कळा काढायच्या म्हणजे काय ते ठमीने वाट्टेल त्या शब्दांत सांगितलं, विहीणबाईला बाहेर ते ऐकून समाधान वाटलं. मग डॉक्टरीणबाई परत आल्या, नळी जराशी मागे ओढली, तिला उजव्या कुशीवर वळवलं. तिला थंडी वाजून दात वाजले, म्हणून पांघरूण आणलं. रक्तदाब थोडा उतरला, तो सलाईनने सावरला. मग हळूहळू, बाहेरच्या रस्त्यावरची वर्दळ कमी व्हावी तशी, कळ लांब गेली. कळ होती, पण आता ती तिच्याकडे बघू शकत होती.

तिला डुलकी लागली. अक्काने लगेच तिचा दंड हलवला.

"जागी आहेस ना?"

"आई, झोपू दे ना जरा. सकाळपासून राबतेय."

"झोप. पण जागी राहा."

असं बऱ्याच वेळा झालं. नर्सने शेवटी अक्काला स्टुलावर बसवलं. अक्काने जावयाला आत पाठवायची तयारी दाखवली, बाहेर येऊन तसं म्हणालीही. जावई म्हणाला, तुम्हीच थांबा, आई. अडकलेली माणसं बाहेर काढताना माझ्या हातात पाना असतो. इथे मी नुसता उभा राहीन.

संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, जोर करायची वेळ आली. पाय जड होते म्हणून जरा वेळ लागला. कळ कधी येते ते नर्स पोटावर हात ठेवून सांगत होती, पण दोनदा ठमीनेच तिच्या आधी सांगितलं. डॉक्टरांनी आणखी थोडं, आणखी थोडं असं केलं, आणि मूल बाहेर आलं.

सगळे मुलाकडे बघत होते. अक्का बघत नव्हती. ती लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती.

क्षणभर काही नव्हतं. मग रडणं आलं. आधी फाटल्यासारखं, मग भरदार. ठमीची मान आवाजाच्या दिशेने वळली आणि भुवई चढली, बापासारखी.

"ऐकलंस?" अक्काने विचारलं.

"ऐकलं."

"नीट ऐकलंस?"

"अगं आई, तू पण ऐकलंस की."

ते अक्काच्या आत्ता लक्षात येत होतं.

मूल ठमीच्या छातीवर ठेवलं. मुलगी होती. बाहेर विहीणबाईने ते इतक्या जोरात जाहीर केलं की दुसऱ्या टोकाच्या बाकावरच्या अनोळखी माणसांनीही अभिनंदन केलं. जावई दाराच्या ओरखड्याला डोळा लावून उभा होता. या खेपेला तो काही दिसलं नाही असं म्हणाला नाही.

*

दुसऱ्या दिवशी मामाने शब्दकोश उघडला, पत्र काढलं आणि समोर ठेवलं. सगळं होऊन गेलं होतं. उत्तराची आता कुणाला गरज नव्हती. अक्का स्वतः तिथे होती, त्याच्यापेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. उशीर का झाला त्याबद्दल लिहावं, असं त्याला वाटलं. वाचनालयात काय काय वाचलं तेही लिहावं, असं वाटलं. दोन्ही लिहिलं आणि दोन्ही फाडलं.

मग त्याने एक साधं कार्ड घेतलं आणि पेन्सिलीऐवजी शाईने लिहिलं, म्हणजे खोडता येऊ नये.

प्रिय अक्का, तुझं पत्र मिळालं. हो, ऐकू येतं.

खाली त्याने सही केली. तब्येतीला जप, असंही लिहायचं होतं, पण ते त्याने राहू दिलं. जिना उतरून तो कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेला. कार्ड फटीत धरून जरा वेळ उभा राहिला. मागे एक बाई पाकीट घेऊन थांबली होती, तिने घसा साफ केला. त्याने कार्ड सोडलं. पेटी रिकामी असावी, कारण ते तळाला टेकल्याचा आवाज त्याला आला.